अहिंसा कोणी पाळायची?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

हिवाळी अधिवेशन आले की नागपुरात थंडीबरोबर मोर्चेही येतात. यशवंत स्टेडियमजवळून निघायचे, घोषणा देत सीताबर्डीकडे चालायचे, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला कठड्यांपाशी थांबायचे, पाचसहा जणांच्या शिष्टमंडळाने जाऊन मंत्र्यांना निवेदन द्यायचे आणि रात्रीच्या गाडीने गावी परतायचे. हा क्रम आता इतका अंगवळणी पडला आहे की शहराला त्याचे काही वाटेनासे झाले आहे. वाटतो तो फक्त वाहतूक अडल्याचा त्रास. त्या दिवसांत कॅन्टीनमध्ये, बसमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते, "यांना दुसरे काम नाही." आणि कुठे एखादा दगड पडला की लगेच दुसरे, "गांधीजींच्या देशात हे शोभते का?"

या दुसऱ्या वाक्याविषयी मला लिहायचे आहे. गांधीजींचे नाव आपण कठड्याच्या अलीकडे उभ्या असलेल्यांनाच ऐकवतो. पलीकडच्यांना ते कोणी ऐकवल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. जणू अहिंसा हा फक्त मागणाऱ्याने पाळायचा नियम आहे आणि ज्याच्याकडे मागितले जाते त्याच्यावर तिचे काहीच बंधन नाही!

आपल्याच शहराचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. असहकाराच्या ठरावावर काँग्रेसने शिक्कामोर्तब केले ते डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनात. त्यानंतर अडीच वर्षांनी, मे १९२३ मध्ये, येथे झेंडा सत्याग्रह सुरू झाला. राष्ट्रीय झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायला इंग्रज सरकारने मनाई केली होती. रोज एक तुकडी निघे, पकडली जाई, पुन्हा दुसरी निघे. जमनालाल बजाज यांना अटक झाल्यावर पुढे वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली. विनोबा याच सत्याग्रहात तुरुंगात गेले. दूरदूरच्या प्रांतांतून माणसे आली, दीड हजारांवर सत्याग्रही गजाआड झाले आणि अखेर १८ ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली. सरकारवर कोणी हात उगारला नव्हता. पण रोज नवी माणसे तुरुंगात ठेवणे सरकारला जड झाले होते. ऐकून न घेणे परवडेनासे झाले, म्हणून त्याने ऐकले. आजचे विधानभवन त्याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे आणि आजचे मोर्चेही त्याच्या वाटेवरच अडवले जातात. इंग्रज गेले, झेंडा वर गेला, अडवण्याची जागा तेवढी फारशी बदलली नाही.

अहिंसा आपल्या रक्तातच आहे असे काही वक्ते सांगतात. तसे मानण्यात अर्थ नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये आपल्या शेजारच्या चिमूर आणि आष्टीला गोळीबारानंतर लोकांचा संयम सुटला आणि अधिकारी मारले गेले. अहिंसा ठरवून, सोसून पाळावी लागते.

ती कशी पाळायची याचा धडा फक्त सेवाग्रामहून आला असेही नाही. महाडचे उदाहरण घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. कागदावर सारे झाले होते, फक्त पाणी मिळत नव्हते! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले ते नवे काही मागायला नव्हे, तर दिलेले खरे करायला. परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले. संख्येने आपली माणसे पुष्कळ असताना बाबासाहेबांनी त्यांना उलट हात उचलू दिला नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत सत्याग्रहाच्या प्रकरणात महाडला दोनच ओळी का मिळतात, हे मला कळलेले नाही.

पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात लाखो माणसे बुद्धाला शरण गेली. एवढ्या मोठ्या समाजाने शतकांची व्यवस्था नाकारली आणि एक दगड उचलला नाही. त्याच वेळी अमेरिकेत माँटगोमेरी शहरातील काळे लोक बसवर बहिष्कार टाकून कामावर पायी जात होते. ३८१ दिवस ते चालले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी गांधीजींकडून काय घेतले हे आपण परीक्षेत लिहितो. दीक्षाभूमीलाही त्या उत्तरात जागा असावी असे मला वाटते.

येथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो बाबासाहेबांच्याच नावाने येतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत ते म्हणाले होते की घटनात्मक मार्ग खुले असताना असहकार, कायदेभंग, सत्याग्रह हे मार्ग सोडून दिले पाहिजेत. मग मोर्चे कशाला? पण 'मार्ग खुले असताना' हे शब्द वगळून हा आक्षेप घेता येत नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी जुलै १९७८ मध्ये संमत केला. याहून घटनात्मक ते काय असते? तरी मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या आणि ठराव बासनात गेला. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबर १९७९ मध्ये दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला तो सभागृहाने स्वतःच दिलेला शब्द पाळावा म्हणून. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. एका संमत ठरावाला साडेपंधरा वर्षे लागली.

अगदी अलीकडचे पाहा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी किसान सभेच्या झेंड्याखाली मुंबईला पायी गेले. त्यांत आदिवासी बरेच होते आणि त्यांची मोठी मागणी होती २००६ च्या वनहक्क कायद्याच्या अंमलबजावणीची. पुन्हा तेच, कायदा आहे, पट्टा नाही. मुलांच्या दहावीच्या परीक्षेला अडचण नको म्हणून ही माणसे पायांना फोड आले असताना रात्री मुंबईतून चालत आझाद मैदानावर पोहोचली. सरकारने लेखी आश्वासन दिले. मार्च २०२३ मध्ये तोच रस्ता पुन्हा धरावा लागला. त्या रात्रीच्या चालण्याचे सर्वांनी कौतुक केले. पण त्यांनी आपल्या मुलांच्या परीक्षेचा विचार केला तसा त्यांच्या पट्ट्यांचा विचार आपण कितीसा केला?

माझ्या घरी माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेले नाही. साधा अर्ज लिहून घ्यायचा तर गावात कुणाच्या तरी दारी जाऊन बसावे लागे. म्हणून मला वाटते, ज्यांना कागदाची भाषा येत नाही त्यांचे चालणे हाच त्यांचा अर्ज असतो. "यांना दुसरे काम नाही" असे म्हणणाऱ्यांना ठाऊक नसते की मोर्च्याच्या दिवसाची मजुरी बुडवून ती बाई आलेली असते.

आणि तो अर्ज न वाचल्याने काय होते हे नागपूरइतके कोणाला ठाऊक असावे? २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी बांधव विधानभवनाकडे निघाले होते. शासनाच्या यादीत 'गोंड-गोवारी' अशी नोंद आहे, ती आमचीच, आम्हाला आदिवासी म्हणून मान्यता द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यात बायका होत्या, कडेवरची मुले होती. कठडे, लाठीमार आणि चेंगराचेंगरी यांत ११४ जणांचा मृत्यू झाला. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला, चौकशी आयोग नेमला गेला. पुढल्या वर्षी गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घातले गेले. त्यांनी मागितले होते ते नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. कायद्याचा कीस काढण्याइतके माझे वाचन नाही. न्यायालयाचा निर्णय काहीही असो, त्या दिवशी तासन् तास उन्हात उभ्या असलेल्या माणसांसमोर कोणा मंत्र्याने वेळेवर येऊन चार शब्द बोलायला कोणत्या निकालाची गरज होती? हिंसा झाली नाही असे त्या दिवसाबद्दल कोण म्हणेल? आणि ती कोणी केली, हा प्रश्न विचारताना गांधीजींचे नाव कोणाला ऐकवायचे?

सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आता गोवारी शहिदांचे नाव आहे. आपल्यातले कितीतरी जण रोज त्यावरून कॉलेजला येतात. झीरो माइलजवळच्या स्मारकावर दर २३ नोव्हेंबरला गावोगावची माणसे फुले घेऊन येतात.

प्राध्यापक मंडळींना एक विनंती आहे. राज्यशास्त्राच्या तासाला आपण सत्याग्रहाची व्याख्या लिहून घेतो. येत्या अधिवेशनात एक दिवस वर्ग त्या मोर्च्यांच्या मंडपात भरवावा. प्रत्येकाने एकेक निवेदन मागून घेऊन वाचावे आणि त्यातल्या किती मागण्या नव्या आहेत आणि किती आधीच संमत झालेल्या ठरावांच्या, कायद्यांच्या व आश्वासनांच्या आहेत, याची यादी करावी. यादी आपल्या भित्तिपत्रकावर लावता येईल. लिहून काढायला मी तयार आहे.