यजमानाची वंशावळ

गेल्या महिन्यात, शाळा सुटण्याच्या सुमारास, एक अपरिचित तरुण माझ्या कार्यालयाच्या दाराशी येऊन उभा राहिला. नाशिकहून आलो आहे, म्हणाला. त्याच्या हातात कापडी पुठ्ठ्याची एक जुनी रोजनिशी होती. ती त्याच्या आजोबांची. १९५१ ते १९५४ अशी तीन वर्षे ते टपाल खात्यात कारकून म्हणून सुरतेस होते आणि त्या तीनही वर्षांत ते दोन्ही वेळा जेवावयास जात असत ते माझ्या आजीच्या खाणावळीत. कोणा ओळखीच्याकडून पत्ता काढीत काढीत नातू माझ्यापर्यंत पोहोचला होता.

आम्ही दोघे ती रोजनिशी वाचीत बसलो. आजोबांची बदली केव्हा झाली, पगार किती, घरी किती पाठविला, कोणत्या एकादशीस कोणता फराळ मिळाला, हे सारे स्वच्छ मोडी वळणाच्या बाळबोध अक्षरात लिहिलेले होते. एका पानावर, आपल्याला ताप आला असता खाणावळीच्या बाईंनी तीन रात्री पेज करून पाठविली आणि तिचे पैसे घेतले नाहीत, अशी नोंद होती. नातवाने वही मिटली व विचारले, “सर, बाईंचे नाव काय हो? त्या मूळच्या कुठल्या? माहेर कोणते?”

वाचकहो, मी निरुत्तर झालो. शिधापत्रिकेवरचे आजीचे सासरचे नाव मला ठाऊक होते, तेवढे सांगितले. पण तिचे माहेरचे नाव, तिचे गाव, ती सुरतेस का आली आणि परक्या पुरुषांची ताटे वाढण्याची पाळी तिच्यावर का आली, यांपैकी मला काहीही ठाऊक नव्हते. पाहुण्याच्या घराण्याचा इतिहास पाहुण्याच्या नातवाजवळ होता. यजमानीण बाईचा इतिहास तिच्या नातवाजवळ नव्हता. आणि हा नातू कोण, तर एम.ए.ला मराठी घेतलेला, शाळेच्या जनरल रजिस्टरावर रोज सही करणारा मुख्याध्यापक! कोणी सत्तर वर्षांपूर्वीचा दाखला मागावयास आला तर मी त्याच्या वडिलांचे नाव आणि जन्मगाव दहा मिनिटांत काढून देतो.

त्या दिवसापासून एक विचार मनातून जात नाही. वाटसरूंना आसरा देणाऱ्यांची घराणी इतक्या लवकर विस्मृतीत का जातात?

प्रथम आपल्या सुरतेकडेच पाहू. महानगरपालिकेच्या मुख्य कचेरीत कर भरण्यासाठी आपण सर्वच केव्हा ना केव्हा गेलो असू. ती इमारत म्हणजे मुघलसराई. शाहजहानच्या कारकिर्दीत, १६४४ साली, हकीकत खान नावाच्या अधिकाऱ्याने ती बांधविली. मक्केस जाणारे यात्रेकरू आणि देशोदेशीचे व्यापारी तेथे उतरत. बांधविणाऱ्याचे नाव शिलालेखावर आहे. पण त्या खोल्या झाडणारे, चूल पेटवून वाटसरूंना भाकरी-कालवण देणारे, त्यांच्या घोड्यांना दाणावैरण घालणारे जे भटियारे स्त्री-पुरुष अशा सरायांतून पिढ्यान्‌पिढ्या राबले, त्यांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत. पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी काशीपासून सोमनाथापर्यंत मंदिरे, घाट आणि धर्मशाळा उभारल्या आणि त्यांची कीर्ती यथार्थपणे अजरामर झाली. तरीही धर्मशाळेच्या दारात कंदील धरून उभा राहणाऱ्याची वंशावळ कोणी लिहून ठेवली नाही.

याचे एक कारण आपल्या समजुतींत आहे. अन्नदान हे आपल्याकडे महत्पुण्य आणि अन्नविक्रय हा दोष. जो फुकट जेवू घालील तो दाता, जो चार पैसे घेऊन जेवू घालील तो हलका, अशी ही विभागणी होती. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात शहरोशहरी ज्या मराठी खाणावळी निघाल्या, त्यांतील कितीतरी विधवा आणि निराधार स्त्रियांनी चालविल्या. पतीच्या निधनानंतर पदरी मुले आणि हाती केवळ स्वयंपाकाची विद्या, अशा स्थितीत दुसरा मार्ग कोणता? त्या खाणावळीवर मुले शिकली, नोकरीस लागली, मोठी झाली आणि मग ‘आमच्या आईने खाणावळ चालविली’ हे सांगण्याचा त्यांना संकोच वाटू लागला. विस्मृतीचा आरंभ पुष्कळदा अशा संकोचातून होतो.

हा संकोच जेथे नव्हता, तेथे काय घडले? त्यासाठी थोडे दूर, थेट अमेरिकेत जाऊ. तेथील मॅसॅच्युसेट्स प्रांतात, बोस्टन शहरापासून सुमारे वीस मैलांवर सडबरी नावाचे गाव आहे. बोस्टनहून निघणाऱ्या जुन्या टपालमार्गावर डेव्हिड हाऊ नावाच्या शेतकऱ्याने १७१६ साली आपल्या राहत्या घरात वाटसरूंना उतरवून घेण्याचा रीतसर परवाना मिळविला. त्याच्यामागून मुलगा इझिकिएल, नातू अ‍ॅडम आणि पणतू लायमन यांनी तोच व्यवसाय केला. इझिकिएलच्या काळात पाटीवर तांबडा घोडा रंगविलेला असे आणि त्यावरूनच खानावळ ओळखली जाई. हाच इझिकिएल १७७५ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली ठिणगी पडली तेव्हा, गावकऱ्यांची तुकडी घेऊन कॉंकर्डकडे गेला होता. लायमन अविवाहित राहिला. १८६१ साली तो निवर्तला आणि एकशे पंचेचाळीस वर्षे चाललेली चार पिढ्यांची परंपरा संपली.

पुढच्याच वर्षी कवी लाँगफेलो ते ओसाड होऊ लागलेले घर पाहून गेला आणि १८६३ मध्ये त्याने त्या खानावळीच्या शेकोटीभोवती बसलेल्या प्रवाशांच्या तोंडून सांगितलेल्या कथांचा काव्यग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातला खानावळवाला त्याने लायमनवरून रेखाटला. त्या ग्रंथाने घराचे भाग्य पालटले. १९२३ साली मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड याने ते विकत घेतले. १९५५ च्या डिसेंबरात आगीने त्याची मोठी हानी केली, तरी ते पुन्हा उभे राहिले. आजही तेथे पांथस्थाला खोली आणि जेवण मिळते.

कवीची कृपा झाली हे खरे. परंतु परवाने, खरेदीखते आणि मृत्युपत्रे गावाने व न्यायालयाने जपून ठेवली होती, म्हणून चार पिढ्यांची साखळी आज जुळविता येते. पाहुण्यांकडून पैसे घेणे हा तेथे प्रतिष्ठित गृहस्थाचा व्यवसाय होता. तो लपविण्याचे कोणास कारण नव्हते. अर्थात त्या साखळीतली चारही नावे पुरुषांची आहेत हेही ध्यानात ठेवावे. चुलीशी कोण उभे होते, हे तेथेही सहसा सांगितले जात नाही.

आपल्याकडेही संकोच न धरणारी घराणी झाली. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील ‘पूना गेस्ट हाऊस’ कित्येक वाचकांच्या परिचयाचे असेल. मूकपटांच्या काळातील लेखक-दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी ते १९३५ साली सुरू केले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आल्यावर पडदा बोलू लागला आणि मूकपटांची दुनिया पाहता पाहता ओसरली. नानासाहेब १९४० साली गेले. पुढे त्यांचे चिरंजीव चारुदत्त, म्हणजे सर्वांचे चारुकाका, यांनी ते घर चालविले. नाटक-सिनेमातल्या धडपडणाऱ्या कलावंतांना तेथे आधार मिळे. या घराण्याने आपल्या व्यवसायाचा अभिमान बाळगला, म्हणूनच त्याची कथा आज पुण्यात सांगितली जाते.

याउलट मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह घ्या. लोकमान्य टिळक मुंबईस आले की तेथे उतरत आणि तेथेच १ ऑगस्ट १९२० रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, त्यांनी देह ठेवला, हे आमच्या शाळेतील पाचवीचा मुलगाही सांगेल. पण ते अतिथिगृह उभारणाऱ्या गृहस्थांचे नाव विश्वनाथ केशव साळवेकर होते, हे किती जणांना सांगता येईल? याच लोकमान्यांच्या उपस्थितीत १९०७ च्या डिसेंबरात आपल्या सुरतेत काँग्रेसचे अधिवेशन उधळले गेले. त्या वेळी भिरकावलेला दक्षिणी जोडा इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. परगावाहून आलेल्या प्रतिनिधींना थंडीच्या दिवसांत ज्या घरांनी ऊन पाणी व जेवण दिले, त्या घरांना मात्र कोणत्याही धड्यात जागा नाही.

असो. आता माझ्या घरच्या गोष्टीकडे परत येतो.

आजीच्या खाणावळीची एक वही होती. जेवणाऱ्यांची नावे, खाडे, येणे-बाकी तीत लिहिलेली असे. त्या काळी सुरत मुंबई राज्यात होती. टपाल, रेल्वे, महसूल आणि शिक्षण या खात्यांतून मराठी माणसे बदलून येत आणि बिऱ्हाड आणण्यापूर्वी वर्ष-सहा महिने अशा खाणावळीत काढीत. ताप्ती व्हॅली रेल्वेने खानदेशातूनही माणसे येत. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली, बदल्या थांबल्या, जेवणारी मंडळी रोडावली आणि काही वर्षांनी आजीने मोठे पातेले माळ्यावर टाकले. ती वही वडिलांनी लोखंडी पेटीत जपली होती. २००६ च्या ऑगस्टात तापीचे पाणी शहरात शिरले, त्यात ती पेटी तीन दिवस बुडाली. वही उघडली तेव्हा शाई पाण्यात विरघळून सारी पाने निळसर झाली होती. वडील ती पाने बराच वेळ नुसती चाळीत बसले होते. त्या वेळीही मला त्यांना विचारावयाचे सुचले नाही. आता वडीलही नाहीत.

नाशिकचा तरुण परत गेला, त्यानंतरच्या रविवारी मी नवसारीस आत्याबाईंकडे गेलो. त्यांचे वय सत्त्याऐंशी. कानांनी कमी ऐकू येते, पण स्मरण लख्ख आहे. मी विचारले, तशा त्या प्रथम रागावल्या. “इतकी वर्षे कोणी विचारलं नाही, आता कशाला?” मग त्या हळूहळू बोलू लागल्या. आजोबा गेले तेव्हा आजी सव्वीस वर्षांची होती. तिने खाणावळ काढली हे तिच्या भावांना रुचले नाही. पैसे घेऊन जेवू घालणारी बहीण त्यांना नको होती. त्यांनी जाणे-येणे सोडले. आजीनेही पुन्हा माहेरचे नाव उच्चारले नाही आणि मुलांना विचारू दिले नाही. आम्हांला ठाऊक नव्हते, याचे कारण एवढेच होते.

आत्याबाईंनी ते नाव सांगितले, गावही सांगितले. “छापायचं नाही हं बाबा, पण घरात लिहून ठेव,” असे बजावलेही. त्यांच्या आज्ञेप्रमाणे मी ते येथे लिहीत नाही. एका नव्या वहीच्या पहिल्या पानावर मात्र ते लिहिले आहे आणि त्याखाली, रोजनिशीतून उतरवून घेतलेली, तीन रात्रींच्या पेजेची ती नोंद. नाशिकच्या तरुणालाही पत्राने कळविले. त्याचे उत्तर आले, की त्यांच्या घरच्या वंशावळीत आजोबांच्या नावापुढे आजीचे नाव त्याने लिहिले आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी कुटुंबांना हा विषय परका नाही. आपल्यापैकी कोणाचे घर एके काळी सराई नव्हते? गावाकडून नोकरीसाठी आलेला चुलतभाऊ, परीक्षेला आलेला भाचा, ओळखीची चिठ्ठी घेऊन आलेला अनोळखी मुलगा, असे कितीजण आपल्या बैठकीच्या खोलीत सतरंजीवर झोपले असतील! ते पुढे मार्गी लागले आणि त्यांच्या घरी आपल्या घराची आठवण कदाचित निघतही असेल. पण ज्या माउलीने त्यांच्यासाठी पहाटे उठून डबे भरले, तिचे माहेरचे नाव आपल्या मुलांना ठाऊक आहे काय? शाळेच्या जुन्या रजिस्टरांत आईच्या नावाचा रकानाच नसे. तेथे शोधू गेलात तर ते सापडणार नाही.

म्हणून या अंकाच्या वाचकांना एवढीच विनंती. दिवाळीच्या सुट्टीत एक साधी वही घ्यावी आणि घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसावे. आपल्याकडे कोण कोण उतरले, किती दिवस राहिले, त्यांना कोणी रांधून वाढले, हे विचारावे आणि त्याच बैठकीत लिहून घ्यावे. वाढणारीचे नाव माहेरच्या नावासह पहिल्या ओळीत लिहावे. वही मात्र माळ्यावरच्या फळीवर ठेवावी, पुराचे पाणी पोहोचणार नाही इतक्या उंचावर.