साच्याविना होडी

दिवाळी आली की घरोघरी किल्ले उभे राहतात. चाळीच्या जिन्याखाली मातीचा रायगड तयार होतो, त्यावर अळीव उगवतो, मावळे पहाऱ्यावर बसतात. एखादा हुशार मुलगा परातीत पाणी घालून जलदुर्गही करतो. पण त्या दुर्गाभोवती आरमार ठेवायची वेळ आली, की वर्तमानपत्राच्या कागदाची होडी पुढे येते! मुलांचा त्यात काय दोष? महाराजांची गुराब कशी दिसत होती, हे त्यांना वडीलधाऱ्यांपैकी तरी कोण सांगणार?

आपल्या जुन्या कागदपत्रांचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. 5 गुराबा आणि 15 गलबते मिळून एक सुभा करावा, असा हिशेब त्यात आहे. सागवान तोडावयाचे ते हुजूरच्या परवानगीने. रयतेचे आंबे-फणस तिने लेकरांसारखे वाढवलेले, तेव्हा त्यांना हात लावू नये, अशी ताकीद आहे. हिशेब आहे, माणुसकी आहे. नाही तो फक्त नौकेचा आकार. त्यासाठी अठराव्या शतकातल्या ऑर्म या इंग्रज इतिहासकाराचे दार ठोठवावे लागते. गुराब लांबीच्या मानाने रुंद, मध्यापासून टोकाकडे निमुळती होत गेलेली, आणि पुढे चोचीसारखी नाळ काढलेली, असे तो सांगतो. आपल्या नौकेचे रूप परक्याच्या लेखणीतून कळावे, याला काय म्हणावे!

आता हर्णेला चला. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्याला कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. 1755 साली पेशवे आणि इंग्रज एक झाले व कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1756 मध्ये, विजयदुर्गाखाली आंग्र्यांचे आरमार जळाले. दगड राहिले, लाकूड गेले. जहाजे गेली तरी ती बांधण्याचे नकाशे कुठेतरी असतील, अशी आशा शहरी माणसाला वाटते. मलाही वाटली. किनाऱ्यावर एका म्हाताऱ्या सुताराला मी विचारले, “आबा, होडीचा नकाशा कुठे ठेवता?”

“नकाशा?” त्यांनी तासणी खाली ठेवली. “मास्तर, होडी म्हणजे काय सरकारी इमारत आहे? होडी डोळ्यात असते.”

डोळ्यातली ही होडी उतरते कशी? आधी पठाण घालतात. या पठाणाचा काबूलशी काही संबंध नाही बरे! पठाण म्हणजे होडीच्या तळाचा कणा. त्याच्या पुढच्या टोकाला नाळ उभी राहते. मग फळ्या चढू लागतात आणि त्यांच्या वळणाला जुळतील असे वाक आतून बसतात. वाक म्हणजे होडीच्या फासळ्या. नाव अगदी योग्य, कारण त्यासाठी मुळातच वाकडे वाढलेले लाकूड निवडतात. सरळ लाकूड कापून वाकडे केले तर त्याचे तंतू तुटतात आणि बळ जाते. म्हणजे होडीचा आकार निम्मा सुताराच्या डोळ्यात आणि निम्मा झाडाच्या फांदीत. लहान होडी कलंडू नये म्हणून बाजूला आडव्या काठ्यांवर हलके लाकूड बांधतात, ती उलांडी. ती किती दूर ठेवायची, हेही अंदाजानेच.

परदेशात या विषयाच्या अभ्यासकाचे काम त्या मानाने सोपे. अमेरिकेच्या मेन प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनू नावाच्या हलक्या होड्यांचे कारखाने निघाले. तिथे उलट्या होडीच्या आकाराचा लाकडी साचा असे. वाफवलेल्या पट्ट्या त्यावर वाकवायच्या, वर पातळ फळ्या ठोकायच्या, साच्यावरून होडी उचलायची आणि कॅनव्हास चढवायचा. साचा हाती आला, की त्यावर निघालेल्या सगळ्या होड्यांचे गोत्र कळते. आपल्याकडे साचाच नाही, मग शोधायचे काय?

आमच्या पेशाचा माणूस म्हणेल, शब्द शोधा. अरबीत ‘घुराब’ म्हणजे कावळा. ऑर्मने सांगितलेली ती चोच आठवा, म्हणजे एका नावात केवढे चित्र राहते ते कळेल. पठाण, नाळ, वाक, उलांडी यांतला एकेक शब्द म्हणजे मोडक्या नकाशाचा तुकडा आहे. पण शब्द वस्तूच्या आधाराने जगतात. लाकूड महागले, डागडुजी परवडेना, आणि किनाऱ्यावर फायबरच्या होड्या वाढल्या. मासेमारी करणाऱ्याने पोट पाहायचे की आमचा शब्दकोश? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मौज एवढीच, की फायबरची होडी साच्यातून निघते. कोकणच्या होडीला साचा मिळाला तो असा, आणि त्या साच्यात वाक बसवणाऱ्या डोळ्याला काम उरले नाही.

हा डोळा किती मोलाचा, याचा दाखला ताजा आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून ‘कौंडिण्य’ नावाचे जहाज गोव्यात बांधले गेले आणि 21 मे 2025 रोजी कारवारला नौदलात दाखल झाले. खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने त्याच्या फळ्या शिवल्या आहेत. आराखडा कुठला मिळणार? पण फळ्या शिवणारे हात केरळात शिल्लक होते, म्हणून भिंतीवरचे चित्र पाण्यात उतरले. ते हात नसते, तर चित्र चित्रच राहिले असते.

तेव्हा सुटीत हर्णेला जाल तेव्हा मासळीचा लिलाव जरूर पाहा, सुवर्णदुर्गाला फेरी मारा. पण लाकडी होडीचे काम कुठे चालू दिसले, तर मुलांना घेऊन तासभर तिथेही थांबा. होडीच्या एकेका भागाला काय म्हणतात ते विचारा आणि मुलांना वहीत लिहून घ्यायला सांगा. शेजारी होडीचे चित्र काढले तर फारच उत्तम. पुढच्या दिवाळीत परातीतल्या जलदुर्गाजवळ ठेवायला त्यावरून एखादी लाकडी होडी करता येईल, आणि पाहायला आलेल्या शेजाऱ्यांना तिची नाळ कुठली आणि पठाण कुठला, हे घरातले पोरच सांगेल.