तीन डोंगरांचा जमाखर्च

इंदोरीजवळचा भंडारा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतचा घोरवडेश्वर आणि चाकणजवळ शिंदे-वासुलीचा भामचंद्र हे तीन डोंगर म्हणजे सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडे सुटलेल्या फाट्यांची अखेरची टोके होत. तुकोबांनी या डोंगरांवर एकांतात चिंतन केले, अशी परंपरा आहे. घोरवडेश्वरावर तर त्याहूनही प्राचीन बौद्ध लेणी आहेत. आज या तिघांभोवती पिंपरी-चिंचवड ते चाकण हा प्रचंड उद्योगपट्टा पसरला आहे. या डोंगरांचे मोल कोणत्या मापाने करावयाचे, हा प्रश्न मात्र अद्याप कोणी नीट मांडलेला नाही.

आजवर मापे दोनच वापरली गेली. भाविकांच्या लेखी डोंगर हे तीर्थ. उद्योगाच्या लेखी ती जमीन आणि दगड. २००८ साली शिंदे-वासुलीच्या परिसरात डाऊ केमिकल कंपनीच्या संशोधन केंद्राला वारकऱ्यांनी प्रखर विरोध केला, बांधकामाच्या जागी जाळपोळही झाली आणि पुढे तो प्रकल्प तेथून गेला. या वादाला श्रद्धा विरुद्ध विकास असे रूप आले. अर्थशास्त्र जणू केवळ उद्योगाच्या बाजूचे, असे त्यात गृहीत धरले गेले. वस्तुतः ते गृहीतच तपासून पाहिले पाहिजे.

लोणावळ्यास वर्षाकाठी सुमारे चार हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. पुण्यास सातशेच्या आसपास. म्हणजे अवघ्या साठ-पासष्ट किलोमीटरांत पाऊस पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतो. अशा प्रदेशात पडलेले पाणी थोपवून धरणाऱ्या प्रत्येक उताराला किंमत असते. काळ्या कातळाचा अखंड थर पाणी शोषत नाही. ते मुरते भेगांतून, सच्छिद्र थरांतून आणि पायथ्याच्या मुरमातून, आणि पुढे झऱ्याच्या किंवा विहिरीच्या रूपाने वर येते. लेणी कोरणाऱ्यांनी कातळात पाण्याची टाकीही खोदली, यावरून डोंगराचा हा उपयोग त्यांना ठाऊक होता, हे उघड आहे.

आपल्या हिशेबात मात्र त्याला स्थान नाही. डोंगरातून काढलेला दगड आणि मुरूम 'गौण खनिज' ठरतो आणि त्यावर ब्रासच्या मापाने स्वामित्वधन आकारले जाते. ती रक्कम सरकारच्या जमेस येते. पायथ्याची विहीर आटली, तर तो तोटा कोणत्याच वहीत चढत नाही; टँकरचा खर्च ग्रामपंचायत सोसते आणि हंड्याचा भार बायका वाहतात. मुद्दल मोडून खाण्याला उत्पन्न म्हणण्याची चूक साधा दुकानदारही करीत नाही.

उद्योगाने लाखो हातांना काम दिले, आणि खडीवाचून ना घर उभे राहते ना रस्ता, हे कोणीही नाकारणार नाही. दगड कोठून तरी काढावाच लागेल. तथापि, तो कोठून काढू नये हे आधी ठरवणे शक्य आहे. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकामास नियमाने मनाई आहे. परंतु हा नियम उतार मोजतो, पाणी नव्हे. ज्या पायथ्याशी पाणी मुरते तो सौम्य उताराचा असल्याने नेमका मोकळा सुटतो.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. या डोंगरांचे झरे, ओढे आणि पाणी मुरण्याच्या जागा गट क्रमांकानिशी नोंदवून विकास आराखड्यात दाखवाव्यात. त्या पट्ट्यात उत्खननास परवाना देऊ नये. आणि परिसरातील स्वामित्वधनाचा ठराविक हिस्सा याच उतारांवरील झाडोरा व झरे राखण्यासाठी बांधून द्यावा. असे झाल्यास भाविकाचे तीर्थ राहील आणि उद्योगाला लागणाऱ्या पाण्याचा एक स्रोतही राहील. यासाठी नव्या घोषणेची गरज नाही. जमाखर्चाच्या वहीत एक रकाना वाढवला पाहिजे, इतकेच.