‘अकुशल’ कुणाला म्हणायचं?

पुण्याच्या आसपासच्या बांधकामांवर मी बायकांच्या बैठका घेते. तिथल्या हजेरीच्या वहीत गवंडी ‘कुशल’ आणि घमेलं उचलणारी बाई ‘बिगारी’, म्हणजे अकुशल. मीही हे शब्द बिनदिक्कत वापरत होते. एका स्लॅबच्या दिवशी माझं मत बदललं.

स्लॅबचं काम मध्येच सोडता येत नाही. आधी टाकलेला माल घट्ट झाला की सांधा राहतो आणि पुढे तिथूनच गळतं. त्या दिवशी मिक्सर खाली होता आणि माल घमेल्यांच्या साखळीनं वर जायचा होता. मुकादम यायच्या आधीच एका मावशीनं साखळी लावून टाकली. उंच बाईशेजारी ठेंगणी उभी केली नाही, कारण घमेलं देता-घेता खांद्याला हिसका बसतो. गरोदर पोरीला खाली घमेली भरायला ठेवलं. अंगावर पाजणारीला झोळीजवळची जागा दिली, आणि ती उठली की तिच्या जागी कोण सरकणार तेही सांगून ठेवलं. वरच्या बायकांनी थोड्या थोड्या वेळानं खाली यायचं.

एरवीही असंच चालतं. विटा वेळेवर भिजवायच्या, नाहीतर कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते. जेवणाच्या सुट्टीआधी माल किती कालवायचा हा अंदाज तिचाच. कमी पडला तर गवंडी खोळंबतो, जास्त झाला तर माल वाया जातो. हे नियोजन नाही तर काय आहे?

त्या दिवशी दुपारी मुकादमानं गरोदर पोरीला परांचीवर चढायला सांगितलं. मावशीनं हातातलं घमेलं खाली ठेवलं. “साखळी मी लावलीय, बदलायची तर मी बदलीन.” सगळ्याजणी थांबल्या. स्लॅब थांबवणं परवडणारं नव्हतं. मुकादम गप्प बसला आणि पोर खालीच राहिली.

संध्याकाळी मात्र मावशीला गवंड्यापेक्षा कितीतरी कमी मजुरी मिळाली, तीही नवऱ्याच्या हातात.

काही मैत्रिणी म्हणतात, याचं कौतुक कशाला? ठेकेदाराला फुकटात देखरेख मिळते. बरोबर आहे. म्हणूनच नुसतं कौतुक नको, त्याचा दाम हवा. 1976 च्या कायद्यानं सारख्या कामाला सारखं वेतन सांगितलं. पण बाईच्या कामाला वेगळं नाव दिलं की ती तुलनाच होत नाही. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यानं नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस कामाची अट घातली. जिची मजुरी नवऱ्याच्या नावावर लागते, तिनं हे दिवस दाखवायचे कसे?

म्हणून तीन गोष्टी मागायला हव्यात. हजेरीत बाईचं स्वतःचं नाव आणि मजुरी तिच्याच हातात. काम लावून देणाऱ्या बाईला त्या कामाचा वेगळा दर. आणि ज्यांना हवं त्यांना थापी-ओळंबा शिकायची संधी.

आणखी एक काम आपलं आहे. माझ्या पाहणीच्या फॉर्मवरही ‘अकुशल’ असा रकाना होता आणि या मावशीच्या नावापुढे मीच तिथे खूण केली होती. तो रकाना मी आता काढला आहे. तुमचेही फॉर्म एकदा काढून बघा.