महादेवाच्या नावावर खपवू नका

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर फार वेळ टाइप करवत नाही, पण आज राहवलं नाही.

दिवाळीत घर भरलं होतं. पुतण्याचा मुलगा पुण्याला शिकतो, तोही आला होता. (नाव लिहीत नाही. घरच्यांना कळेलच.) देवघराच्या फळीवर मला एक पेनाएवढी काळी वस्तू सापडली. टोकाला काचेची नळी, आत मधासारखं काहीतरी. मला वाटलं, पेनड्राइव्हच. मीच ती त्याला नेऊन दिली आणि वर "जपून ठेव, अभ्यासाचं असेल" असंही सांगितलं! वर्गात कोणाच्या खिशात तंबाखू आहे हे दारातूनच नाकाने ओळखणारा मी मास्तर. असो.

ते गांजाच्या अर्काचं व्हेप पेन होतं. बॅटरीवर तार तापते, अर्काची वाफ होते, ती ओढायची. मला खरा धक्का बसला तो पुतण्याच्या बोलण्याने. "काका, धूर नाही, नुसती वाफ आहे. आणि महाशिवरात्रीला भांग पितातच की लोक. साधू चिलीम ओढतात."

अरे, गंगाखेडला गोदाकाठी साधूंची चिलीम मी लहानपणापासून पाहतोय. तिचा वास अख्ख्या घाटावर येतो. कोण ओढतो, किती ओढतो, सगळ्या गावाला ठाऊक. हे पेन देवघरात ठेवलं तरी कळत नाही, आणि त्याची सगळी करामत तीच आहे. भांगेचं म्हणशील, तर 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने नुसतं पान गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवलं, पण हशीश तेल थेट चरसमध्ये घातलं. म्हणजे तुझ्या पोराच्या खिशात भांग नव्हती, कायद्याच्या भाषेत चरस होता. साध्या गांजात नशेचं द्रव्य 10-20 टक्के, अर्कात 60 च्या पुढे, कधी 80 सुद्धा. ताकाची आणि दारूची तुलना करतोस का?

आणि ती "नुसती वाफ"! अमेरिकेत 2019 मध्ये अशी पेनं ओढणारी तरुण पोरं फुप्फुसं निकामी होऊन दवाखान्यात येऊ लागली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्ण, 68 मृत्यू. बहुतेकांनी गांजाचा अर्कच ओढला होता, चोरट्या बाजारातला, त्यात ई जीवनसत्त्वाचं तेल मिसळलेलं. कॅलिफोर्नियातली आमची भाची म्हणेल, मामा, इथे दुकानात तपासलेला माल मिळतो. मिळत असेल, बाई. आपल्याकडे 2019 च्या कायद्याने हे यंत्रच बंद आहे, निकोटिन असो वा नसो. म्हणजे नळीत काय भरलंय, हे कोण तपासणार?

पण पुतण्याची भीती वेगळीच. "काका, बाहेर बोलू नका, उद्या त्याचं लग्न व्हायचंय." डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तेव्हा गर्द ओढणारी पोरंही चांगल्या घरांतलीच होती. त्या घरांनीही आधी असंच झाकलं असणार.

परवा पोराचा फोन आला. "आजोबा, त्याशिवाय झोपच लागत नाही." बापाला हे त्याने अजून सांगितलेलं नाही. हा मजकूर मी त्याला फोनवर वाचून दाखवला. तो म्हणाला, टाका, बाबा वाचतील तरी. मी सोमवारच्या गाडीचं पुण्याचं तिकीट काढलंय. पुतण्या रागावला तर रागावू दे.