हॅटी मॅकडॅनियल : भिंतीलगतचे टेबल आणि न्यायालयातील लढा
#धागा #इतिहास

१/
२९ फेब्रुवारी १९४०. लॉस एंजेलिसच्या अँबेसेडर हॉटेलात ऑस्कर समारंभ सुरू आहे. ‘गॉन विथ द विंड’मधील मॅमीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल यांचे नाव पुकारले जाते. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. मात्र चित्रपटातील सहकलाकारांसोबत त्यांना जागा नाही. त्यांचे टेबल वेगळे, दूर भिंतीलगत.

२/
हा प्रसंग आपण अनेकदा वाचतो, हळहळतो आणि पुढे जातो. माझी तक्रार याच सवयीबद्दल आहे. हॅटी यांचे आयुष्य एका रात्रीत आणि एका भूमिकेत कोंबले, की इतिहास हातातून निसटतो.

३/
त्यांचा जन्म कॅन्ससमधील विचिटाचा. आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. वडील यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातून लढलेले. हॅटी डेन्व्हरमध्ये वाढल्या आणि आधी गायिका म्हणून नावारूपाला आल्या. १९२० च्या दशकात त्या रेडिओवर गात होत्या, स्वतः ब्लूज गीते लिहून ध्वनिमुद्रित करत होत्या.

४/
१९२९ च्या मंदीने रंगभूमीवरचे काम हिरावले. मिल्वॉकीतील एका क्लबमध्ये त्यांनी स्वच्छतागृहात मदतनीस म्हणून नोकरी धरली. पुढे त्याच क्लबमध्ये त्या गाऊ लागल्या. १९३१ मध्ये लॉस एंजेलिसला आल्यावरही रेडिओची मिळकत इतकी तुटपुंजी होती, की घरकाम सुटले नाही. पडद्यावरची मोलकरीण साकारण्यापूर्वी त्यांनी ते जिणे प्रत्यक्ष भोगले होते.

५/
१५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटा येथे ‘गॉन विथ द विंड’चा पहिला खेळ झाला. जॉर्जियातील वर्णविभाजनामुळे कृष्णवर्णीय कलाकारांना तेथे प्रवेश नव्हता. ज्या भूमिकेने त्यांना ऑस्कर मिळवून दिले, तिच्या पहिल्या खेळालाच त्या अनुपस्थित होत्या.

६/
टीका मात्र स्वकीयांकडूनही झाली. ‘एनएएसीपी’चे वॉल्टर व्हाइट १९४० च्या दशकात स्टुडिओंकडे मागणी करत होते, की मोलकरीण आणि विदूषक यांपलीकडच्या भूमिका द्या. ही मागणी न्याय्यच होती. मॅमीसारखी पात्रे गुलामगिरीला घरगुती प्रेमाचा मुलामा देतात, हेही खरे. पण हॅटी यांच्यापुढे दुसरी कोणती भूमिका ठेवली गेली होती? संहिता लिहिणारे आणि पैसा लावणारे निराळेच होते. दोषाचे माप मात्र त्यांच्या पदरात पडले.

७/
माझ्या मते त्यांची खरी भूमिका पडद्याबाहेर पाहायला हवी. लॉस एंजेलिसच्या ‘शुगर हिल’ वस्तीत त्यांनी घर घेतले. तेथील मालमत्तांच्या दस्तऐवजांत कृष्णवर्णीयांना घर विकण्यास मनाई करणारी कलमे होती. त्यांच्या आधारे काही गोऱ्या रहिवाशांनी खटला भरला. हॅटी यांनी आपल्या घरी बैठका घेऊन शेजाऱ्यांना संघटित केले. लॉरेन मिलर त्यांचे वकील होते.

८/
डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेत तो दावा फेटाळला. १९४८ मध्ये ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की अशा करारांची अंमलबजावणी न्यायालये करू शकत नाहीत. त्या लढाईतही मिलर वकील होते. ‘मॅमी’ला नमवता येईल असे ज्यांना वाटले, त्यांना मॅकडॅनियलबाईंनी कायद्याने उत्तर दिले.

९/
१९४७ मध्ये ‘ब्यूला’ या रेडिओ मालिकेची मुख्य भूमिका त्यांच्याकडे आली. हे कृष्णवर्णीय मोलकरणीचे पात्र त्याआधी गोरे पुरुष आवाज बदलून रंगवत होते! भूमिका पुन्हा मोलकरणीचीच होती, पण निदान आवाज तरी परक्याचा उरला नाही. ही प्रगती अपुरी होती. तरी तिला शून्य म्हणणे अन्यायाचे ठरेल.

१०/
२६ ऑक्टोबर १९५२ रोजी त्या वारल्या. हॉलिवूड स्मशानभूमीत दफन व्हावे ही त्यांची इच्छा वर्णभेदामुळे नाकारली गेली. तेथे त्यांचे स्मारक उभे राहायला १९९९ उजाडले. हॉवर्ड विद्यापीठाला दिलेले त्यांचे ऑस्करचे मानपट्ट गहाळ झाले. अकादमीने त्याची प्रतिकृती २०२३ मध्ये दिली. त्यांच्यानंतर अभिनयासाठी ऑस्कर जिंकणारी दुसरी कृष्णवर्णीय स्त्री म्हणजे व्हूपी गोल्डबर्ग, थेट १९९१ मध्ये. मधली ५१ वर्षे कोणाचे अपयश सांगतात?

११/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला ‘नायिका की शरणागत?’ हा प्रश्न मोहात पाडतो. मलाही पाडतो. पण तो चुकीचा आहे. दार अरुंद ठेवणाऱ्यांना मोकळे सोडून, त्यातून वाकून आत गेलेल्या बाईच्या पाठीचा कणा आपण मोजत बसतो. तो कणा किती ताठ होता, याची नोंद १९४५ च्या निकालात आहे. यापुढे भिंतीलगतच्या त्या टेबलाची गोष्ट सांगाल, तेव्हा शुगर हिलचा खटलाही सांगा.