चूक दाखविणाऱ्याचा मान

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याची हौस असणाऱ्या मुलामुलींची संख्या आपल्या शाळेंत आतां लहान राहिलेली नाहीं. त्यांचे पालक भेटावयास येतात तेव्हां बहुधा एकच प्रश्न करितात : “सर, कोणतें प्रमाणपत्र घेतलें म्हणजे या धंद्यांत पोराला नांव मिळेल?” प्रश्न प्रेमापोटीं येतो, म्हणून त्याला हंसूं नये. परंतु आज्ञावली लिहिणारे लोक आपसांत मान देतात तो कशाबद्दल, हें एकदां नीट पाहिलें पाहिजे.

अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डोनल्ड नूथ यांचें उदाहरण घ्या. या शास्त्रावरील त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९६८ सालीं निघाला. आपल्या पुस्तकांतील चूक जो प्रथम दाखवील त्यास ते २ डॉलर ५६ सेंट देत आले. हा विचित्र आंकडा कां? संगणकवाले सोळा हा पाया धरून मोजतात. त्या रीतीनें २५६ ही संख्या ‘१००’ अशी लिहिली जाते, म्हणून २५६ सेंट म्हणजे त्यांचा पूर्ण डॉलर! (गणिताच्या मुलांनीं हें स्वतः पडताळून पाहावें.) रक्कम ती केवढी! तरी ज्यांना ते चेक मिळाले त्यांतील पुष्कळांनीं ते वटविलेच नाहींत. चौकटींत बसवून भिंतीवर लाविले. पुढें लबाडीच्या भीतीनें २००८ पासून नूथ खऱ्या चेकाऐवजीं एका काल्पनिक बँकेची ठेवपावती देऊं लागले, आणि तीहि लोक जपून ठेवितात. तुम्हीं लक्षपूर्वक वाचलेंत, अशी एका अत्यंत चोखंदळ माणसाची ती साक्ष असते. हे नूथ लूथरपंथी ख्रिस्ती असून पवित्र शास्त्रांतील पुस्तकांच्या तिसऱ्या अध्यायांतील सोळाव्या वचनांवर त्यांनीं एक ग्रंथ लिहिला आहे, हें जातां जातां सांगण्याचा मोह आंवरत नाहीं.

याच्या उलट प्रकार २०२० च्या ऑक्टोबरांत घडला. ‘हॅकटोबरफेस्ट’ नांवाच्या वार्षिक उपक्रमांत, सर्वांस खुल्या असलेल्या आज्ञावल्यांत चार दुरुस्त्या सुचविणारांस सदरा बक्षीस ठेविला होता. त्या लोभानें अनेकांनीं कोठें तरी एखादा निरर्थक शब्द घुसडून तीच दुरुस्ती म्हणून पाठविली, आणि विनावेतन काम करणाऱ्या मंडळींना तो केर उपसावा लागला. ज्यांची संमति असेल त्यांच्याच आज्ञावल्या उपक्रमांत घ्याव्या, असा नियम त्याच महिन्यांत करणें भाग पडलें. त्या सदऱ्याला मी मान म्हणणार नाहीं.

मग चिकाटीनें चांगलें काम केलें म्हणजे झालें काय? तेंहि पुरतें खरें नाहीं. ‘एक्सझेड’ ही माहिती आटोपशीर बांधून ठेवणारी आज्ञावली असंख्य लिनक्स संगणकांवर असते. तिचा भार बहुतांशीं एकच गृहस्थ फावल्या वेळांत वाहत होता. ‘जिया तान’ या नांवानें वावरणाऱ्या कोणीं दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त काम करून त्याचा विश्वास संपादिला, अधिकार मिळविला, आणि मग आंत चोरवाट ठेविली. ती उघडकीस आणिली आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानें. दूरच्या संगणकांत प्रवेश होण्यास नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्याशा गोष्टीची त्याला चुटपुट लागली. तो शोधीत गेला, आणि २९ मार्च २०२४ रोजीं त्यानें सर्वांस सावध केलें. ती आज्ञावली सांभाळणें हें त्याचें कामहि नव्हतें.

मला मात्र या प्रसंगांत बोचते ती गोष्ट वेगळी आहे. तो एकटा गृहस्थ थकला असतां त्याला घाई करणारीं पत्रें आलीं, आणि मदतीस आला तो चोर. त्याच्या श्रमावर ज्यांचे संगणक चालत होते, ते सारे तेव्हां कोठें होते?

गेल्या वर्षीं याच वार्षिकांतील माझ्या लेखांत एक सन चुकीचा छापला गेला. चूक माझीच होती. आठवीच्या एका मुलीनें भीत भीत शिक्षकांच्या खोलींत येऊन ती दाखविली. मीं तिला माझ्या सहीची चिठ्ठी दिली : “ही चूक प्रथम हिनें दाखविली.” दुसऱ्या दिवशीं तिचे वडील आले आणि म्हणाले, “सर, याचे गुण किती धरणार?” गुण नाहींत, असें मीं सांगितलें. तिनें ती चिठ्ठी कंपासपेटीच्या झांकणाला आंतून चिकटविली आहे.